डोक्यावरचं ऑपरेशन

रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा मी मशिनची पाती तेलाच्या फडक्याने पुसत बसलो होतो.

"दादा, आज येशील का? यांचे केस कापायचेत."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कुणाचे?"

"यांचे."

"दाजींना केस आहेत?"

ती हसली नाही. "ये तू, आल्यावर सांगते. आणि कुणाला बोलू नकोस. वहिनीलासुद्धा नको."

वहिनी म्हणजे माझी बायको. ती समोर बसून वाटाणे सोलत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. "जा, जा," ती म्हणाली. "अडला हरी गाढवाचे पाय धरी."

"म्हणजे गाढव मी?"

"ते तरी कुठे हरी आहेत?"

मी मोठ्या दवाखान्यात न्हावी आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचे, ही माझी नोकरी. सकाळी सहाला नर्सबाई यादी देतात: कुणाचं पोट, कुणाची मांडी, कुणाचं अख्खं डोकं. ट्रॉली ढकलत मी खाटेखाटेला जातो. टाक्यांच्या कडेने, सुजलेल्या जागेवरून, नळ्या लावलेल्या असताना कसं काढायचं, ते मला येतं. चोवीस वर्षांत एकाही पेशंटच्या अंगावर माझ्या हातून ओरखडा उठलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ओरखडा उठला तर ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून सांगतो.

आमचे दाजी मात्र ही नोकरी कुणाला सांगत नाहीत. लग्नकार्यात ओळख करून द्यायची वेळ आली की ते म्हणतात, "हे आमचे मेहुणे, मेडिकलमध्ये आहेत." समोरच्याने "डॉक्टर का?" असं विचारलं, तर ते नुसतं हसतात आणि मला पुढे सरकवतात. दाजी विमा कंपनीत शाखाधिकारी आहेत. वास्तविक त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच दुकानात शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांमागे उभे राहायचे. दोघांच्या मैत्रीतूनच हे लग्न जमलं. पण दाजींच्या तोंडून वडिलांचा धंदा ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. "वडील स्वतंत्र व्यवसायात होते," असं ते सांगतात.

तेव्हा या माणसाने मला, कात्री घेऊन, स्वतःच्या घरी बोलवावं, याचा अर्थ पाणी नाकापर्यंत आलं होतं.

दार बहिणीने उघडलं. सगळे पडदे ओढलेले, दिवाणखान्यात भरदुपारी दिवा लावलेला. जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची खोलीच्या मधोमध आणून ठेवली होती आणि खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. दाजी त्या खुर्चीत ताठ बसले होते. डोक्यावर सुती टोपी.

"या मेहुणेबुवा," ते म्हणाले. "जरा नाजूक काम आहे."

त्यांनी टोपी काढली आणि मी बघत राहिलो.

दाजींना टक्कल पडायला पस्तिशीतच सुरुवात झाली होती. मग त्यांनी डाव्या कानावरचे केस वाढवले आणि ते माथ्यावरून उजव्या कानापर्यंत नेऊन चिकटवले. वारा सुटला की एका हाताने डोकं धरून चालायचे. आता माथ्यावर कपाळापासून टाळूपर्यंत लालसर कातडी होती आणि तिच्यात ओळीने टोचल्यासारखे आखूड केस उभे होते. अधूनमधून वाळलेल्या खपल्या. डोक्याच्या मागे, दोन्ही कानांच्या मधे चार बोटं रुंदीचा पट्टा भादरलेला, त्यात खुंट वाढलेले. आणि त्या पट्ट्याच्या वर-खाली, दोन्ही बाजूंना, जुने लांब केस लोंबत होते. बाहुलीच्या डोक्याची एखाद्या पोराने गोणपाटाच्या सुईने दुरुस्ती करावी, तसं ते डोकं दिसत होतं.

"हेअर ट्रान्सप्लांट," बहीण हळूच म्हणाली. "मागचे केस काढून पुढे लावतात."

"ग्राफ्ट," दाजींनी दुरुस्ती केली. "एकेक ग्राफ्ट. साडेआठ तास लागले. मी हललोसुद्धा नाही."

"किती दिवस झाले?"

"उद्या अठ्ठावीस."

"अठ्ठावीस दिवसांत खपल्या का राहिल्या? धूत नाही?"

"ते घाबरतात," बहीण म्हणाली. "पहिले दहा दिवस दर अर्ध्या तासाला मी फवारा मारायची. बसूनच झोपायचे. आता हात लावू देत नाहीत."

दाजींनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू तिने घरातली गुपितं शत्रूला सांगितली. मग मला कामाचं सांगितलं. गुरुवारी कंपनीचा समारंभ होता. त्यांच्या शाखेला पहिला नंबर मिळाला होता आणि स्टेजवर जाऊन ढाल त्यांना घ्यायची होती. टोपी घालून स्टेजवर जाता येत नाही. बाहेरच्या सलूनमध्ये जावं तर चार लोक बघणार. डॉक्टरने सांगितलं होतं, की बाजूचे आणि मागचे कापायला हरकत नाही, पण माथ्यावर मशिन लावायची नाही, ओढायचं नाही, घासायचं नाही.

"तुम्हाला पेशंटची सवय आहे," दाजी म्हणाले. "म्हणून तुमच्यावर विश्वास टाकतोय." त्यांनी एखाद्याला पदवी द्यावी तसं हे सांगितलं.

मी एप्रन चढवला, हात धुतले आणि त्यांच्या गळ्याभोवती चादर बांधली. मान पकडायची वेळ आली तेव्हा माझ्या हातांना काय करावंसं वाटलं, ते मीच जाणतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो. दुसऱ्या केमोनंतर उशीवर केसांचे पुंजके पडायला लागले. तिने मला बोलावलं. याच घरात, स्वयंपाकघरात, तिला स्टुलावर बसवून मी तिच्या डोक्यावरून मशिन फिरवली. कमरेपर्यंतचे केस होते. तिने "उं" केलं नाही, पण तिचे दोन्ही हात माझ्या एप्रनच्या खिशात घुसवलेले होते आणि काम होईपर्यंत तिने ते बाहेर काढले नाहीत. दाजी तेव्हा घरात होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, म्हणाले, "मला हे बघवत नाही," आणि मित्राकडे राहायला गेले. तीन दिवसांनी परतले ते हातात एक डोक्याचा रुमाल घेऊन. "घरातसुद्धा बांधत जा," म्हणाले. "कोणी अचानक आलं तर बरं दिसत नाही." त्यांच्यासाठी दर अर्ध्या तासाला फवारा मारणारी ती हीच बाई.

केस हवेसे वाटणं यात मला काही गुन्हा दिसत नाही. मेंदूचं ऑपरेशन व्हायचं असलेल्या बायका मला हात जोडून सांगतात, भाऊ, पुढची एक बट तरी ठेवा. शक्य असेल तर मी ठेवतो. पण ज्याला दुसऱ्याच्या डोक्याकडे बघवलं नाही, त्याने स्वतःच्या डोक्यासाठी घराला रुग्णालय करावं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

असो. मी कात्री घेतली.

आधी कानांवरचे लांब केस उतरवले. ज्या बटेला त्यांनी वीस वर्षं माथ्यावरून फिरवलं होतं, ती वर्तमानपत्रावर पडली तेव्हा दाजींनी डोळे मिटले. मागे पट्ट्याच्या खुंटांशी जुळवून घेत मी बोटांवर केस धरून कापत गेलो. एका बाजूचं झालं. मग माथ्याच्या कडेला जुने आणि नवे केस मिळतात ती रेघ बघण्यासाठी मी कंगव्याचं नुसतं टोक लावलं.

कंगव्यावर पाच-सहा आखूड केस आले. मुळाशी बारीक पांढरा ठिपका असलेले.

दाजींनी हातातल्या आरशात ते पाहिलं. "काय केलंत?"

"काही नाही. गळतायत."

"गळतायत म्हणजे? साडेआठ तास लावलेत ते! तुम्ही उपटलेत!"

"दाजी, कंगवा टेकवला फक्त. पहिले केस गळतातच. मुळं आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे येतात. तुम्हाला कागद दिला असेल ना क्लिनिकने?"

"कागद मी वाचलाय!" त्यांनी वाचला नव्हता, हे चेहऱ्यावरच लिहिलं होतं. "मला माहीत होतं. पहिल्यापासून तुमच्या मनात आहे. तुम्ही मुद्दाम केलंत. केसाने गळा कापलात माझा!"

इतक्या रागातसुद्धा हा वाक्प्रचार बरोबर जागी पडला, याचं मला कौतुक वाटलं. मी कंगवा पुसला. "दवाखान्यात डोक्याला हात लावला की पेशंट रडतात," मी म्हणालो, "पण त्यांच्या डोक्यात काहीतरी असतं."

बहिणीने मला डोळ्यांनी दटावलं. दाजी उत्तर द्यायला खुर्चीतून अर्धे उठले, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"उघडू नकोस!" दाजी ओरडले. पण बहिणीने सवयीने कडी काढलीच होती.

दारात दोघं उभी होती. एक जाडजूड, साठीकडे झुकलेले गृहस्थ, हातात फळांची पिशवी. हे दाजींच्या शाखेतले हेडक्लार्क. त्यांच्यामागे पस्तिशीची एक बाई, तिथल्या कॅशियर. दोघांनी चपला बाहेर काढल्या, तशीच आत आली आणि दाजींना बघून जागच्या जागी थांबली. चादरीत गुंडाळलेला माणूस, लाल माथा, खपल्या, एका बाजूचे केस लोंबणारे, दुसऱ्या बाजूचे कापलेले.

"साहेब, उठू नका, उठू नका!" हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

आणि मग मी जे पाहिलं ते चोवीस वर्षांत वॉर्डात कधी पाहिलं नव्हतं. दाजींचा चेहरा आजारी पडला. एका क्षणात. गाल ओघळले, पापण्या जड झाल्या, खांदे पडले. आत्ता घसा फोडून ओरडणारा माणूस क्षीण आवाजात म्हणाला, "या. बसा. कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कसला साहेब? तुम्ही एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात. टाके किती पडले?"

"मोजले नाहीत," दाजी म्हणाले.

हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरा एप्रन, शेजारी ट्रेमध्ये कात्री, कापूस, जंतुनाशकाची बाटली. "हे?"

"हॉस्पिटलमधून आलेत," दाजी म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, डोळ्यांनी पाय धरले.

"तुम्ही हॉस्पिटलमधले का?"

"हो," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते.

पुढच्या पाच मिनिटांत मला सगळं कळत गेलं. दाजींनी रजेच्या अर्जात 'डोक्याचं ऑपरेशन' असं लिहिलं होतं. खरं म्हणजे डोक्यावरचं. त्यातलं 'वरचं' तेवढं त्यांनी गाळलं. मग कुणीतरी फोनवर विचारलं, गाठ होती का? दाजी म्हणाले, हो. साधी का? दाजी म्हणाले, बघतायत. तिथून ती गाठ त्यांच्या शाखेत वाढत वाढत गेली. गुरुवारच्या समारंभात मोठे साहेब त्यांच्या धैर्यावर दोन शब्द बोलणार होते. हेडक्लार्क तेच सांगायला आले होते.

"केमो द्यावी लागली का, साहेब?" कॅशियरबाईंनी विचारलं. इतका वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत होत्या.

मला वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल.

"थोडे डोस झाले," दाजी म्हणाले. "म्हणून तर माथ्यावरचे केस गेले. पण डॉक्टर म्हणतात, केमोनंतर केस नव्याने येतात. पहिल्यापेक्षा दाट. कधीकधी कुरळेसुद्धा."

आत्ता माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चार महिन्यांनी माथ्यावर केस उगवल्यावर लोकांना काय सांगायचं, याची ही तजवीज होती. आणि हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, तेही मला ठाऊक होतं. माझ्या बहिणीचे केस केमोनंतर कुरळे आले होते. आले तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, "हे सरळ करून घेता येत नाहीत का?"

मी बहिणीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे ग्लास ठेवलेला ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

कॅशियरबाई दाजींना म्हणाल्या, "साहेब, विचारू का? माझ्या आईचं गेल्या आठवड्यात निदान झालं. मंगळवारी पहिली केमो आहे. ती काही बोलतच नाही. मला कळत नाही, तिला काय होणार, मी काय करू. तुम्हाला कसं झालं? पहिल्या दिवशी?"

दाजींनी ओठांवरून जीभ फिरवली. "हे बघा," ते म्हणाले, "मन खंबीर ठेवायचं. तोंडाला चव राहत नाही. लोखंड चघळल्यासारखं वाटतं. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं."

हे माझ्या बहिणीचं वाक्य होतं. अक्षरशः तिचं. स्टुलावर बसून, माझ्या खिशात हात घालून ती मला म्हणाली होती, दादा, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं रे. म्हणजे या माणसाने तेव्हा ते ऐकलं होतं. दाराआडून का होईना, ऐकलं होतं, आणि जपून ठेवलं होतं, आणि आज स्वतःच्या नावावर वापरलं.

बहिणीने ट्रे टेबलावर ठेवला. एक ग्लास उचलून कॅशियरबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी बसली.

"आईला स्टीलचा चमचा देऊ नका," ती म्हणाली. "लाकडाचा द्या, किंवा प्लास्टिकचा. लोखंडाची चव कमी लागते. पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाका, डॉक्टरांना विचारून. पहिल्या दिवशी विशेष काही होत नाही. तिसऱ्या दिवशी होतं. तेव्हा ऑफिसला जाऊ नका, घरी थांबा. आणि केस गळायला लागायच्या आधीच आखूड करून घ्या. पुंजके हातात आले की फार घाबरायला होतं."

कॅशियरबाई पर्समधून कागद काढून लिहून घ्यायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "किती केलंत हो तुम्ही साहेबांचं!"

"साहेबांचं नाही," बहीण म्हणाली. "माझं होतं ते. छातीत गाठ होती, चार वर्षं झाली. साहेबांना काही झालेलं नाही. त्यांनी डोक्यावर केस लावून घेतलेत."

तिने आवाज चढवला नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं.

हेडक्लार्कांनी दाजींच्या माथ्याकडे पाहिलं, आणि यावेळी नीट पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटतं ते ओळी मोजत होते. मग त्यांची मान खाली गेली आणि त्यांचं लक्ष स्वतःच्या हातातल्या फळांच्या पिशवीकडे गेलं. ती द्यावी की परत न्यावी, हा प्रश्न त्यांना पडलेला स्पष्ट दिसत होता. शेवटी त्यांनी ती बहिणीच्या पुढ्यात ठेवली. "वहिनी," ते म्हणाले, "ही तुम्हीच घ्या."

कॅशियरबाईंना दाजींकडे बघण्यात काही रस उरला नव्हता. त्यांनी बहिणीला विचारलं, "तुमचा नंबर द्याल?" बहिणीने दिला.

दोघं गेली. दार लागलं, तसे दाजी उठले, चादर अंगावर घेऊनच झोपायच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

मी वाट बघितली. अर्धं डोकं कापून सोडून देणं आमच्या धंद्यात पाप मानतात. माणूस कितीही नालायक असो, अर्धा सोडायचा नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, तो परत येणार हे मला माहीत होतं. तसल्या डोक्याने तो जाणार कुठे?

पंधरा मिनिटांनी कडी निघाली. दाजी आले, खुर्चीत बसले. कुणाकडे बघितलं नाही.

"मान खाली," मी म्हणालो. वॉर्डात म्हणतो तसं.

त्यांनी मान खाली घातली.

मी राहिलेली बाजू केली. मागचा पट्टा जुळवला, मानेवरची रेघ वस्तऱ्याने साफ केली, कल्ले एका उंचीवर आणले. कुठे घाई केली नाही. माथ्याच्या केसालाही धक्का लावला नाही. आणखी दहा-बारा केस आपसूक गळून चादरीवर पडले. दाजींनी या वेळी ते नुसते पाहिले. काम उत्तम झालं. टक्कल झाकण्याचा आव गेला की डोकं डोक्यासारखं दिसतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते डोकं एखाद्या भल्या माणसाचं असावं, असं दिसत होतं. मी आरसा धरला. त्यांनी नुसती मान हलवली.

"येतो," मी म्हणालो.

बहीण मला जिन्यापर्यंत सोडायला आली. माझ्या छातीत त्या वेळी आनंद मावत नव्हता. इतकी वर्षं मनात घोकलेलं तिने दोन वाक्यांत करून टाकलं होतं. बिनपाण्याने केली होती त्यांची. मी म्हणालो, "बरं झालं. चांगली जिरवलीस."

ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. कुरळ्या केसांतून हात फिरवला. "तू का हो म्हणालास?"

"काय?"

"त्यांनी विचारलं, हॉस्पिटलमधले का? तू हो म्हणालास."

"अगं, मी आहेच ना हॉस्पिटलमधला."

"दादा," ती म्हणाली, "तुला कळत होतं, ते का विचारतायत."

मी हातातली सामानाची पेटी खाली ठेवली. त्या क्षणी मी हो का म्हणालो? दाजींची कीव आली म्हणून? मुळीच नाही. मला त्यांचा खड्डा आणखी खोल जायला हवा होता. गंमत बघायची होती मला. कंगवा हातात घेऊन मी तिथे उभा होतो आणि माझ्या बहिणीचा आजार तिच्यासमोर दुसऱ्याच्या तोंडी ऐकत होतो, आणि मला मजा वाटत होती. तिला बोलावं लागलं, ते मी बोललो नाही म्हणून.

"चुकलं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारच्या समारंभाला दाजी गेले नाहीत. ढाल हेडक्लार्कांनी घेतली. शाखेत काय बोललं गेलं, ते मला ठाऊक नाही, पण महिन्याभरात दाजींनी बदली मागून घेतली, गावाच्या दुसऱ्या टोकाला. चोर तो चोर, वर शिरजोर: घरी त्यांनी असं सांगितलं की नव्या शाखेत वाव जास्त आहे. पहिले तीन महिने माथा पूर्वीपेक्षाही गुळगुळीत होता. नंतर मात्र केस आले. नाही कशाला म्हणू? चांगले आले, दाट आले. सातव्या महिन्यात ते भांग पाडायला लागले. आता ते एका काचेच्या सलूनमध्ये जातात. नव्या शाखेत लोक त्यांना वयापेक्षा दहा वर्षं लहान समजतात, असं त्यांनी स्वतःच आम्हाला दोनदा ऐकवलं.

बहीण त्या घरातच आहे. ती का राहते, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "घर माझंपण आहे. मी का जाऊ?" पुढे मी विचारलं नाही.

त्या रविवारनंतर महिनाभर तिने मला फोन केला नाही. मीच करायचो, ती "बरी आहे" म्हणून ठेवायची. मग एका सकाळी तिचाच आला. "दादा, पेटी घेऊन ये. कॅशियरबाईंच्या आईचे केस काढायचेत. तिला वॉर्डात नकोय, घरी हवंय." पत्ता सांगितला.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. म्हातारी खिडकीपाशी स्टुलावर बसून तयार होती. अंगाने काटकी, पण आवाज खणखणीत. माझी बहीण तिच्या केमोच्या प्रत्येक फेरीला जात होती, हे मला तिथे कळलं. कॅशियरबाईंची रजा संपली होती, म्हणून आठवड्यातून दोन दिवस ही येऊन बसायची. घरात कुठला डबा कुठे आहे, ते तिला पाठ होतं.

मी कोमट पाण्याने म्हातारीचं डोकं ओलं केलं. ती मला म्हणाली, "हळू हं. लग्नाआधीपासूनचे आहेत."

"हळूच करतो, आजी."

"ही तुमची बहीण ना? फार गुणाची पोर. हिचा नवरा काय करतो?"

मी मशिन हातात घेऊन थांबलो. बहीण खाली बसून वर्तमानपत्र पसरत होती. तिने वर न बघता सांगितलं, "विमा कंपनीत आहेत. केस छान आहेत त्यांचे."

म्हातारी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थोडी थांबली. बहीण कागदाच्या कडा सरळ करत राहिली. मग म्हातारीने स्वतःच मान खाली घातली, आणि मी मागच्या बाजूने सुरुवात केली.